पळतीच्या आधीची वीस मिनिटं

पस्तिशी ओलांडलेल्या माजी खेळाडूंचा सामना ठेवायचा असं आमच्या मंडळानं ठरवलं, त्याला निमित्त झालं दिल्लीचं. जानेवारी २०२५ मध्ये तिथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. मग काय, सांगलीतल्या ज्या बायकांनी लग्नानंतर मैदानात पाय ठेवला नव्हता त्यांनाही हुरूप आला. व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, त्यावर जुने फोटो पडले, आणि पुढच्या उन्हाळ्यात मंडळाच्या वर्धापनदिनाला सामना ठरला. त्यात मीही होते. नोकरी विमा कंपनीत, म्हणजे दिवसभर खुर्ची. शिवाय उजव्या मांडीला कॉलेजात असताना भरलेली एक चमक, जी थंडीत अजून आपली आठवण करून देते.

अट एकच होती. मुलींना शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की सामना खेळायचा असेल तर दीड-दोन महिने आधीपासून संध्याकाळी मैदानावर यायचं, आणि सुरुवातीला खो-खो नाही, फक्त वॉर्मअप. मॅडम वयानं आमच्यापेक्षा बऱ्याच लहान, पतियाळाला खेळ-प्रशिक्षकाचा कोर्स करून आलेल्या. त्या आम्हाला ताई म्हणतात, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. मैदानावर मान कोणाला द्यायचा हे ठरलेलंच असतं.

आमच्या काळचा वॉर्मअप सगळ्यांना आठवत असेल. मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या, मग रांगेत उभं राहून कमरेत वाकायचं, पायाचे अंगठे धरायचे आणि सर ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणतील तसे हिसके द्यायचे. त्यानंतर एक पाय खांबावर टाकून डोकं गुडघ्याला लावायचं. जिचं टेकलं ती लवचिक. जिचं नाही टेकलं तिच्या पाठीवर मागून कोणीतरी रेटा द्यायचं. आमच्यातली एक जण या पद्धतीची आजही खंदी समर्थक आहे. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांसमोर अंगठे धरून दाखवले आणि मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, “छान. आता या अवस्थेतून तीन सेकंदांत खांबापर्यंत पळून दाखवा.” ती हसली, पण मुद्दा पोचला.

मुद्दा असा की खो-खोत आपण कधीही अंगठे धरून उभे राहत नाही. आपण चौकोनात उकिडवे बसतो, पाठीत खो बसला की एका क्षणात उठतो आणि एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत मागे वळता येत नाही. म्हणजे पहिल्या दोन पावलांतच सगळा जोर. पळताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा टाच जमिनीला लागण्याच्या जरासं आधी मांडीचा मागचा स्नायू, ज्याला सगळे हॅमस्ट्रिंगच म्हणतात, तो पुढे जाणाऱ्या पोटरीला लगाम घालतो. त्या वेळी तो लांबत असतो आणि लांबता लांबताच ताकद लावत असतो. वेगानं पळताना चमक भरते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी, आणि जास्त करून मांडीच्या मागच्या बाहेरच्या बाजूला. मी बोट ठेवून माझी जुनी जागा दाखवली तर मॅडमनी नुसती मान डोलावली. अशा जागा त्यांनी बऱ्याच पाहिल्या असणार.

एका जागी थांबून दिलेला ताण वाईट असतो असं त्या म्हणत नाहीत. पण पळायच्या ऐन आधी एकेक स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला तर त्याचा जोर थोडा वेळ किंचित कमी पडतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दहा-पंधरा सेकंदांनी काही बिघडत नाही. पण मग तेवढ्या वेळात हलतं-फिरतं काही केलं तर उपयोग जास्त.

मला सगळ्यात पटलं ते त्यांनी माझ्यावरच करून दाखवलेलं. पोत्यावर उताणं झोपवलं, एक पाय जमिनीवर सरळ ठेवायला सांगितला आणि दुसरा गुडघ्यात न वाकवता वर उचलायला लावला. उजवा पाय जिथे थांबला तिथपासून आभाळाकडे सरळ व्हायला बराच अवकाश होता. मांडीमागे तार ओढल्यासारखं झालं. मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. मग दोन्ही गुडघे वाकवून, टाचा जमिनीत रोवून, ढुंगण वर उचलायचं, वर क्षणभर थांबायचं आणि खाली यायचं, असं दहा-बारा वेळा करून घेतलं. नंतर खांबाला धरून पाय पुढे-मागे झुलवले. परत झोपवलं. तोच पाय, तीच मी, आणि पाय चांगला वीतभर जास्त वर. दहा मिनिटांत स्नायू काही लांब होत नाही. मेंदू जिथे ‘बास’ म्हणत होता ती हद्द त्यानं पुढे सरकवली, इतकंच. ही सूट तासाभरात ओसरते, म्हणून खेळायच्या आधी ती रोज नव्यानं मागून घ्यावी लागते.

दुसरी गोष्टही तिथेच उलगडली. हॅमस्ट्रिंग आखडलाय असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते, पण मॅडमनी हात ठेवला तो पोटाच्या खाली, खुब्याच्या पुढच्या बाजूला. दिवसभर बसून तिथला स्नायू आखूड स्थितीतच राहतो. उभं राहिलं की तो कमरेचं हाड पुढे झुकवतो, पाठीत खळगा पडतो आणि मागचं टोक वर जातं. हॅमस्ट्रिंग वर जोडलेला असतो तो बसताना जमिनीला टेकतं त्या हाडाला. म्हणजे ते हाड वर गेलं की हा बिचारा आधीच ताणलेला. त्याला आणखी ताणून काय होणार? आधी खुबा मोकळा करायचा. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण खुर्चीवाल्या बायकांत माझ्यासारख्या तिघी-चौघी निघाल्या.

आता प्रत्यक्ष काय करायचो ते सांगते.

आधी चार-पाच मिनिटं हलकं पळणं, तेही सरळ फेऱ्या नाहीत. मध्य पाटीवरच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावरच्या, चौकोनांमधून नागमोडी, मग बाजूबाजूनं, मग पाय ओलांडत. एप्रिलमधलं सांगलीचं ऊन, संध्याकाळी सहालाही मातीतून झळा येतात. आम्ही मैदानावर पोचेपर्यंतच घामाघूम. “मॅडम, अजून काय गरम व्हायचं?” असं एकीनं विचारलंच. त्यावर उत्तर मिळालं की घाम उन्हानं येतो, स्नायू कामानं तापतो. श्वास थोडा लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे, हे त्यांचं माप. आम्हाला बोलता येत होतंच, ते कधी थांबलंच नाही.

मग खुबा. चालता चालता एक गुडघा छातीपर्यंत उचलून दोन्ही हातांनी कवटाळायचा, त्या वेळी खालच्या पायाच्या चवड्यावर उभं राहायचं. पुढच्या पावलाला दुसरा. तोल गेला तर गेला. त्यानंतर फाटक उघडणं: गुडघा समोर कमरेइतका उचलायचा, तसाच बाहेरच्या बाजूला फिरवायचा आणि खाली ठेवायचा. परतीच्या वाटेवर उलट, म्हणजे बाहेरून आत. हे करताना खुब्यात ‘कट्’ असा आवाज येणाऱ्या आम्ही बऱ्याच जणी. दुखत नसेल तर आवाजाकडे लक्ष देऊ नका, असं मॅडम म्हणाल्या.

खांबाजवळचं काम मला सगळ्यात आवडतं. खो-खोचा खांब कमरेच्या थोडा वर येतो, धरायला एकदम सोयीचा. खांबाच्या बाजूला उभं राहून एका हातानं तो धरायचा आणि बाहेरचा पाय पुढे-मागे झुलवायचा. पहिले दोन-तीन झोके गुडघ्याच्या उंचीपर्यंतच. मग थोडे वर, मग आणखी थोडे वर. दहा-बारा झोक्यांत जिथे पोचतो तिथे थांबायचं. दिसायला सोपं आहे, म्हणून सगळ्या चुकीचं करतात. पाय वर जावा म्हणून पाठ मागे झुकते, आणि पाय मागे गेला की पोट पुढे येऊन कमरेत खळगा पडतो. पाय झुलतोय असं वाटतं, प्रत्यक्षात कंबर झुलते. मॅडमनी माझ्या कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, “माझी बोटं हलली नाही पाहिजेत.” तसं केल्याबरोबर माझा झोका एकदम निम्म्यावर आला. शेजारची शाळकरी मुलगी डोक्यापर्यंत पाय नेत होती आणि माझा जेमतेम पोटापर्यंत. पण तो झोका खुब्यातून होता. आठवड्याभरात बोटं काढली तरी कंबर जागेवर राहू लागली. उभ्या पायाचा गुडघा ताठ ठेवायचा नाही, जरासा सैल. आणि पाय वर फेकायचा नाही. खाली येताना तो आपण आणायचा, आपटू द्यायचा नाही. मघाशी म्हटलं तो लगाम घालण्याचा सराव इथेच होतो.

आडव्या झोक्यांसाठी खांबाकडे तोंड करून दोन्ही हातांनी खांब धरायचा. पाय शरीरासमोरून पलीकडे आणि मग बाहेर. इथे मांडीच्या आतल्या बाजूला काम पडतं. खांबाला वळसा घालताना आणि हुलकावणी देताना हीच बाजू कामाला येते. उभ्या पायाचं पाऊल मातीत रुतवून ठेवलं तर गुडघ्याला पीळ बसतो, म्हणून टाच थोडी फिरू द्यायची.

आमच्यातल्या एकीला मणक्याचा त्रास आहे. पाय पुढे झुलवताना तिला कळ मांडीतून पोटरीकडे, पार पावलापर्यंत जायला लागली आणि मुंग्याही आल्या. मॅडमनी तिला तिथल्या तिथे थांबवलं. स्नायूचा ताण मांडीत जाणवतो, गुडघ्याखाली उतरत नाही. उतरला, मुंग्या आल्या, तर ते नसेचं काम, त्याला झोके द्यायचे नाहीत. तिनं डॉक्टरांना दाखवलं आणि तिला गुणलेखकाच्या टेबलावर बसवलं. ती तिथून जास्त ओरडत होती.

त्यानंतर चालत करायच्या गोष्टी. पाय सरळ ठेवून समोर उचलायचा आणि विरुद्ध हातानं चवड्याला शिवायचं, असं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात पोचत नसेल तर नडगीला शिवा, पण पाठ वाकवून पाय गाठायचा नाही. त्याच्यानंतर ‘ओंजळ’. हे नाव मॅडमच्या मुलींनीच ठेवलेलं. एक टाच समोर टेकवायची, बोटं आभाळाकडे, मागचा गुडघा थोडा वाकवायचा आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकत दोन्ही हात जमिनीजवळून नेऊन वर आणायचे. क्षणभरच, मग पुढचं पाऊल. यात मांडीमागे जो ताण येतो तो अंगठे धरण्यापेक्षा कमी नसतो, पण तिथे कोणी मुक्काम करत नाही.

लंज मात्र पहिल्या दिवशी सगळ्यांना नकोसे झाले. मोठं पाऊल पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीच्या जवळ न्यायचा, आणि तिथे मागच्या पायाकडची पार्श्वभागाची बाजू आवळून घ्यायची. ही आवळणी विसरली तर सगळं पाठीवर येतं. आवळली की ताण कुठे येतो? बरोबर, खुब्याच्या पुढच्या बाजूला, खुर्चीनं आखडलेल्या त्याच जागी. मग पुढच्या पायाकडे धड वळवून त्या बाजूचा हात वर न्यायचा. माझ्या मते सगळ्या वॉर्मअपमधून एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करावी. टाचा ढुंगणाला मारत पळण्याचं मात्र मला कधी पटलं नाही. मॅडम ते करून घेतात, मी वेळकाढूपणा करते. बाजूला पाऊल टाकून त्या बाजूचा गुडघा वाकवण्याचे आडवे लंज आम्ही अगदी थोडे करायचो.

शेवटी गुडघे उंच उचलत पळणं, उड्या घेत पळणं, आणि मग खरी गंमत. चौकोनात बसायचं, खो मिळाला की उठून पहिल्यांदा निम्म्या जोरानं, नंतर थोडं जास्त, मग जवळजवळ पूर्ण. पूर्ण जोर वॉर्मअपमध्ये एकदाच, तोही अगदी शेवटी. आमच्या जुन्या समर्थक बाईंचं मन वळलं ते इथे. अंगठे त्यांचे सहज पोचत, पण चौकोनातून उठताना त्यांना हात टेकावा लागत होता. झोके आणि लंज चालू केल्यावर हात टेकणं सुटलं. त्या आजही आधी अंगठे धरतातच, पण मग मुकाट खांबाकडे जातात.

फुटबॉलमध्ये याचं एक सविस्तर रूप आहे, ‘फिफा ११+’ नावाचं, २००६ साली तयार झालेलं. पळणं, मग ताकद, उड्या आणि तोल, मग पुन्हा पळणं, मिळून साधारण वीस मिनिटं. मॅडमचा आराखडा बराचसा त्यावर बेतलेला. त्यातला एक व्यायाम मात्र त्यांनी वॉर्मअपमधून काढून सरावाच्या शेवटी ठेवलाय: गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे पडत जायचं, जमेल तितका वेळ स्वतःला रोखत. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी करण्यासाठी याचं नाव जगभर आहे. पण सवय नसलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशी मांडी इतकी ठणकते की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मी आधी दोनच करायचे, नंतर हळूहळू वाढवले.

सामन्याच्या दिवशी एक वेगळीच अडचण आली. संरक्षण करणाऱ्या संघाच्या तीन-तीन जणींच्या तुकड्या मैदानात उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी. मी दुसऱ्या तुकडीत. पहिल्या तुकडीतल्या तिघींपैकी एक अशी काही पळाली की मी बाहेर बसून टाळ्या वाजवत राहिले. मॅडमनी लांबूनच हाक मारली, “ताई, उठा! थंड होताय.” खरंच, तापलेलं अंग पाच-दहा मिनिटं बसलं की पुन्हा सुस्तावतं, मग आधीची सगळी मेहनत फुकट. मी फक्कीच्या रेषेबाहेर उभी राहिले, एका मैत्रिणीच्या खांद्याला धरून झोके घेतले, चार लंज मारले, दोनदा चौकोनातून उठल्यासारखं उठून पळाले. तेवढ्यात आमचा नंबर लागला.

माझी पळती, म्हणजे बाद होईपर्यंतचं पळणं, सव्वा मिनिटाची. विश्वचषकाच्या मानानं काहीच नाही, पण समोर पाठलागाला आमचीच एक जुनी खेळाडू होती, जिचं खांबाजवळ सूर मारून बाद करणं अजून तसंच आहे. त्यातच मी बाद झाले. ती मातीत सरपटत गेली, मी हसत बाहेर आले, आणि मांडीकडे लक्ष गेलं तेव्हा लक्षात आलं की सबंध सामन्यात तिची आठवणच झाली नव्हती.

सामन्यानंतर सगळ्या पोत्यांवर पडल्या. आता मात्र थांबून ताण द्यायला हरकत नव्हती: ओढणी तळपायाला अडकवून, उताणं पडून, पाय वर धरून अर्धा-अर्धा मिनिट, गप्पा मारत. कोणी व्हिडिओ दाखवत होतं, कोणाचा नवरा स्कूटर घेऊन गेटवर हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीतून उठताना कळलं की दुखतंय ते मांडीमागे नाही, आतल्या बाजूला, जांघेच्या खाली. ग्रुपवर विचारलं तर निम्म्या जणींचं तेच. हुलकावण्या देताना आणि खांबाला वळताना आतल्या स्नायूंवर जो भार आला त्याची तयारी आमच्या थोड्याशा आडव्या लंजमध्ये झालीच नव्हती. मॅडमनी संध्याकाळी उत्तर टाकलं: पुढच्या सोमवारपासून आडवे लंज दुप्पट, आणि पावसाळ्यात हॉलमध्ये मॅटवर असू तेव्हा खांबाऐवजी भिंतीला धरून झोके, कारण मॅटवर उभा पाय फिरत नाही, तिथे टाच उचलूनच फिरवायची. खाली कोणीतरी विचारलं, पुढच्या वर्षी सामना आहे का? अजून त्याचं उत्तर आलेलं नाही, पण सोमवारी सहा जणी मैदानावर होत्या.